चिमटा बाजूला ठेवा

मा. संपादक,


उबवणी यंत्रातले टवका उडालेले कोंबडीचे अंडे तासाभरात फुटले नाही तर चिमट्याने कवच सोलून पिल्लू मोकळे करावे, असा सल्ला गेल्या अंकातील वाचकपत्रात होता. तो घातक आहे.

पहिल्या टवक्यानंतर पिल्लाला 12 ते 24 तास लागणे नेहमीचेच. त्या वेळात ते फुप्फुसांनी श्वास घ्यायला लागते, उरलेला बलक पोटात ओढून घेते, कवचाखालच्या पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्या आटतात. त्याआधी सोलले तर पापुद्र्यावर रक्ताची लालभडक रेघ उमटते, बेंबी उघडी राहते. असे पिल्लू बहुधा दगावते.

पिल्लू कवचात अडकते तेव्हा मुळातली चूक आधीच झालेली असते. 18व्या दिवसापासून अंडी फिरवणे थांबवून आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांवर न्यावी आणि झाकण उघडू नये. कोरडी हवा आत शिरली की पापुद्रा चिवट होऊन पिल्लाला आवळतो. आमच्या भिवंडीत पावसाळ्यात मात्र उलटे होते. सुरुवातीपासूनच हवा दमट, त्यामुळे अंड्यातले पाणी पुरेसे उडत नाही, हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू चोच मारण्याआधीच गुदमरते. अशा दिवसांत पहिले 18 दिवस यंत्रातली पाण्याची वाटी काढून ठेवलेली बरी. आर्द्रतामापक बघून ठरवावे.

वीज गेली तर यंत्रावर गोधडी टाका, पण हवेची भोके झाकू नका. बाहेर आलेले पिल्लू पोटातल्या बलकावर दोन दिवस सहज काढते. ते सुकेपर्यंत आतच राहू द्या.

तो सल्ला वाचून कुणाची अंडी आज 21व्या दिवसावर असतील. हे पत्र कृपया लगेच छापावे.

— एक वाचक, भिवंडी