गावाचे दुखणे, गावाचे ज्ञान
संपादक महाशय,


गतांकातील पत्रलेखकांनी विद्यार्थ्यांच्या ग्रामवास्तव्यास ‘सहल’ ठरवून मोडीत काढले, हे एकांगी वाटते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत ग्रामीण भागासाठी तंत्रपर्याय शोधणारे जे केंद्र १९८५ साली स्थापन झाले, त्याचे विद्यार्थी कर्जत तालुक्यात गेले ते उपदेशार्थ नव्हे. कारण जेथे आषाढात ओढे दुथडी वाहतात आणि वैशाखात बाया विहिरीच्या तळाशी वाटीने हंडा भरतात, तेथे नळयोजना थकलेल्या वीजबिलापायी बंद पडली की टाकीच सखल जागी बांधली गेली, हे त्या बायांइतके कोणते सरकारी दप्तर सांगणार? प्रबंध सादर होताच गाव विसरले जाते, ही पत्रलेखकांची तक्रार मात्र रास्त आहे. यास्तव प्रत्येक अहवालाची मराठी प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी दाखल करण्याची सक्ती विद्यापीठांनी करावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, पनवेल