विमानाआधीचा दिवस

मराठवाड्यातल्या मानवतच्या माणसाचं विमान कोणत्याही देशाला जाणारं असो, त्याचा प्रवास सुरू होतो तो ‘रोड’वरून. रोड म्हणजे मानवत रोड, आमचं रेल्वे स्टेशन. गाव एकीकडे, स्टेशन दुसरीकडे आणि मधे ऑटोची खडखड. नांदेडला विमानतळ आहे, छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा आहे, हैदराबादही आम्हाला काही परकं नाही. पण पोराचं जर्मनीला नाहीतर अमेरिकेला जायचं ठरलं की तिकीट बहुतेक वेळा मुंबईचंच निघतं. मग संध्याकाळी देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसायचं, सकाळी सातच्या सुमारास मुंबईत उतरायचं आणि विमान असतं रात्री दोनला, नाहीतर तीनला.

ही अवेळ कुणी मुद्दाम निवडलेली नाही. मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघालेलं विमान सकाळी युरोपात पोचतं आणि तिथून पुढच्या गावांची विमानं दिवसाढवळ्या मिळतात. आखातातली मोठी विमानतळंही एका विमानातून उतरलेल्यांना दुसरं मिळावं म्हणून रात्री-पहाटेच्या वेळा जुळवून घेतात. तिकडची सकाळ साधायची तर इकडची झोप मोडावी लागते. देवगिरीला मात्र या कशाची कल्पना नाही. ती आपल्या वेळेला येते आणि आपल्या हातात एक सबंध दिवस ठेवून यार्डात निघून जाते.

या दिवसाचं आमच्याकडे काय होतं? सामानावर बसून तो काढला जातो. मराठवाड्यातून परदेशी जाणारा माणूस मुंबईला एकटा येत नाही. आई-वडील असतात, एखादा काका असतो, कधी मामाही. वेटिंग रूममध्ये बॅगांचा कोट करायचा, मधे बसायचं, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी सोडायची, आळीपाळीने डुलक्या घ्यायच्या. कुणी म्हणालंच की जरा बाहेर फिरून येऊ, तर घरातलं मोठं माणूस म्हणणार, “कुठं जाता? बसा इथंच.”

हे बसणं आमच्या अंगात भिनलंय ते मनमाडमुळे, असं मला वाटतं. निझामाच्या काळात, 1900 च्या सुमारास, हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे मनमाडपर्यंत आली ती मीटर गेजची. मनमाडहून मुंबईकडे जाणारी लाइन ब्रॉडगेज. रुळांची रुंदीच वेगळी, त्यामुळे आमच्याकडचा एकही डबा थेट मुंबईला जाऊ शकत नव्हता. कापसाच्या गाठी मनमाडला उतरायच्या आणि दुसऱ्या वाघिणीत चढायच्या. माणसांचीही तीच गत. नव्वदच्या दशकात रुंदीकरण होईपर्यंत आमच्या पिढ्यान् पिढ्यांनी मनमाडच्या फलाटावर पुढच्या गाडीची वाट पाहिली. जवळच गुप्तसर साहिब गुरुद्वाऱ्यात लंगर असतो. माहीतगार माणूस तिथे जाऊन जेवून यायचा. बाकीचे ट्रंकेवरून उठायचे नाहीत. अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले इतके जवळ, पण ते बघायचे खिडकीतून, गाडी चालू असताना. गाडीला उशीर झाला तर चालतो, आपल्याला होऊन चालत नाही, हा धडा त्या फलाटाने शिकवला. रूळ रुंद झाले, थेट गाड्या आल्या. बसण्याची सवय मात्र मीटर गेजच राहिली.

परवा पुतण्या शिकायला जर्मनीला निघाला. भाऊ, वहिनी आणि मी त्याला पोचवायला गेलो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो तेव्हा ऊन नुकतंच वर येत होतं. भावाने फलाटावरच्या बाकाकडे मोर्चा वळवला.

“भावजी, दिवसभर इथंच बसायचं का?” वहिनींनी विचारलं.

“मग? एवढं सामान घेऊन कुठं हिंडता?” भावाचं उत्तर तयार होतं.

उत्तर क्लोक रूममध्ये होतं. रेल्वेच्या मोठ्या स्टेशनांवर सामान ठेवायची ही सोय पूर्वीपासून आहे, पण आमच्या भागातला माणूस तिची पायरी चढत नाही. तिकीट दाखवायचं, बॅगांना कुलूप असलं पाहिजे, पावती जपून ठेवायची. “लोकाच्या हवाली करायचं का सामान?” असं म्हणत भावाने प्रत्येक कुलूप दोनदा ओढून बघितलं. पासपोर्ट, व्हिसाचे कागद, पैसे आणि औषधं मात्र अंगावरच्या पिशवीत, आणि ती पिशवी पुतण्याच्या नव्हे, वहिनींच्या खांद्याला. याबाबत घरात दुमत नव्हतं.

मोकळ्या हाताने माणूस वेगळाच चालतो. स्टेशनालगतच आता भुयारी मेट्रो आहे. कफ परेड ते आरे ही साडेतेहतीस किलोमीटरची मार्गिका ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण सुरू झाली आणि विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांना तिची स्टेशनं आहेत. मुंबईच्या दिवसाचं गणितच तिने बदललं. पूर्वी दक्षिण मुंबईतून सहारच्या विमानतळावर जायचं म्हणजे रस्ता सांगेल तेवढा वेळ. आता जमिनीखालून वेळेचा अंदाज बांधता येतो. अर्थात ती रात्रभर चालत नाही आणि परदेशी निघालेल्याच्या भल्यामोठ्या बॅगांसाठीही ती नाही. मोकळ्या हाताने मेट्रो, सामान असलं की टॅक्सी, असा हिशेब ठेवावा.

दुसरा हिशेब वेळेचा. तो सकाळपासून पुढे मोजायचा नसतो, विमानापासून मागे मोजायचा असतो. विमान अडीचला, तर साडेअकराला टर्मिनलच्या दारात. त्याआधी टॅक्सीचा प्रवास, त्याआधी सामान सोडवणं, त्याआधी जेवण. असं मागे मागे येत गेलं की खरोखर मोकळे तास किती ते कळतं, आणि ते भरपूर निघतात. त्यांत एकच ठिकाण बघायचं. गेटवे, महालक्ष्मी, सिद्धिविनायक, जुहू असं सगळं एका दिवसात कोंबणारा माणूस विमानात चढतो तो आजारी पडूनच. आणि ठिकाण शक्यतो विमानतळाच्या बाजूचं निवडावं, म्हणजे रस्ता उमगतो आणि रात्रीची धास्ती कमी होते. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय, डिसेंबर 2025 पासून तिथून विमानं उडतात. तेव्हा तिकिटावर कोणता विमानतळ लिहिलाय ते आधी वाचावं, मग बाजू ठरवावी.

आम्ही टर्मिनल दोनच्या पुढच्याच स्टेशनावर, मरोळ नाक्याला उतरलो आणि रिक्षाने महाकाली लेण्यांकडे गेलो. इतिहासाच्या पुस्तकात यांना कोंडिविट्याची लेणी म्हणतात. अंधेरी पूर्वेच्या इमारती मागे पडतात आणि एका टेकाडाच्या अंगात कोरलेल्या एकोणीस बौद्ध गुंफा समोर येतात. सगळ्यात जुनं काम सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं. नवव्या लेण्यात चैत्य आहे. आत गेलं की एक गोल खोली, जणू दगडातली झोपडी, तिला जाळीच्या खिडक्या आणि तिच्या पोटात स्तूप. अशी रचना महाराष्ट्रात क्वचितच बघायला मिळते. तिची नाळ थेट बिहारमधल्या बराबर टेकडीच्या गुंफांशी जुळते. वेरूळचा कैलास कोरायला घेतला त्याच्या कित्येक शतकं आधी इथे भिक्खू राहत होते, पावसाचं पाणी टाक्यांत साठवत होते.

वेरूळ पाहिलेल्या मराठवाड्याच्या माणसाला ही लेणी छोटी वाटतील, झिजलेलीही वाटतील. वहिनी म्हणाल्याच, “आपल्या वेरुळाची सर नाही.” पण भावाचं लक्ष कोरीवकामाकडे नव्हतं. तो भिंतीवरून हात फिरवत होता. त्याला सांगितलं की हा ज्वालामुखीतून आलेला खडक, मुंबईपासून मराठवाडा-विदर्भापर्यंत जो लाव्हा थरावर थर साचला त्याच घराण्यातला. आपल्या रानातली काळी माती म्हणजे अशाच खडकाची हजारो वर्षांची झीज. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे कापूस यातच पिकतो म्हण की.” जिनिंगच्या गावात जन्म गेलेल्या माणसाला लेण्यांचा यापेक्षा चांगला परिचय कुठल्या पाटीवर वाचायला मिळाला नसता. पुतण्या फोटो काढत होता. तो थांबला आणि त्यानेही भिंतीला हात लावून बघितला.

याच खडकाचं आणखी नाट्यमय रूप बघायचं तर अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहे. सुमारे दोनशे फूट उंच, सरळसोट उभा बेसाल्टचा स्तंभ. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. वर गावदेवीचं देऊळ, चढायला खडकातल्या पायऱ्या आणि चारही बाजूंनी अंगाशी आलेल्या इमारती. गुडघे चांगले असतील तर तासा-दीड तासाचं काम. गुडघे कुरकुरत असतील तर जुहूची चौपाटी बरी. तिथल्या वाळूत बसणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं की भारतातल्या नियमित हवाई टपालाची सुरुवात या जुहूशी जोडलेली आहे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाची पोती घेऊन एकटेच पुस मॉथ विमानाने निघाले आणि जुहूच्या धावपट्टीवर उतरले. मधे अहमदाबादला थांबा होता, आणि तिथे विमानाचं इंधन आलं ते बैलगाडीतून. म्हणजे आपल्या टपाल-विमानाच्या पहिल्याच फेरीत वाट बघणं आलं होतं, आणि बैलही आले होते.

दुपारी जेवून सावलीला आडवं व्हावं, हे सगळ्यात महत्त्वाचं. रात्रभर देवगिरीत अर्धी झोप, पुढची रात्र विमानात अर्धी झोप. मधला दिवस उन्हात घालवला तर परदेशातली पहिली सकाळ डोकेदुखीची. बाहेरचं तिखट-तेलकट त्या दिवशी टाळावं, घरचे धपाटे संपवावेत. विमानात ते न्यायचे की नाही यावरून घरात वाद घालण्यापेक्षा हे सोपं.

टर्मिनल दोनचा उल्लेख करायला हवा, कारण तिथे जाणाऱ्याला एक गोष्ट बघायला मिळते जी पोचवायला आलेल्यांना मिळत नाही. 2014 मध्ये सुरू झालेल्या या टर्मिनलच्या आत ‘जय हे’ नावाचं कलादालन आहे, राजीव सेठी यांनी उभारलेलं. सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या भिंतीवर देशाच्या कानाकोपऱ्यातल्या हजारो कलावस्तू. इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी लवकर आटोपली की मोबाइलमध्ये डोकं खुपसण्याऐवजी या भिंतीशेजारून चालत जावं. पुतण्याला मी हे सांगून ठेवलं होतं. त्याने आत गेल्यावर कोरीव लाकडी दरवाजांचे फोटो पाठवले, आणि खाली लिहिलं होतं, काका, इथं गर्दी नाही.

पुढे परदेशातही थांबे येतात, आणि आता पोरांकडे जाणाऱ्या आई-वडिलांनाही ते येतात. सिंगापूरला साडेपाच ते चोवीस तासांचा थांबा असेल तर विमानतळातर्फे शहराची मोफत सहल मिळते. इस्तंबूलला टर्किश एअरलाइन्स आपल्या प्रवाशांना सहा ते चोवीस तासांच्या थांब्यात शहर दाखवते. पण आपल्या पासपोर्टवर त्या देशात बाहेर पडता येतं का, हे तिकीट काढतानाच विचारावं. सहल मोफत असली तरी व्हिसाची अट माफ होत नाही. आणि साठीच्या पुढच्या माणसाने एकट्याने बाहेर पडण्याचा हट्ट धरू नये. आत फिरायला, पाय मोकळे करायला ही विमानतळं तालुक्याच्या गावाएवढी असतात.

आता त्या दिवसाची संध्याकाळ. परतीची देवगिरी मुंबईहून रात्री नऊ-साडेनवाच्या सुमारास सुटते. विमान अडीचला. म्हणजे पोचवायला आलेल्यांची गाडी आधी, जाणाऱ्याचं विमान नंतर. पुष्कळ घरांत यावर एकच तोडगा निघतो. परतीचं आरक्षण सोडून द्यायचं, सगळ्यांनी टॅक्सी करून विमानतळावर जायचं, दारातला जवान तिकीट नसलेल्यांना आत सोडत नाही म्हणून काचेबाहेर उभं राहायचं, आत गेलेलं पोरगं गर्दीत दिसेनासं झालं तरी हात हलवत राहायचं. मग पहाटेपर्यंत कुठेतरी बसायचं आणि सकाळची गाडी धरायची. भावाचंही तेच ठरलेलं होतं.

पुतण्याने ऐकलं नाही. दिवस चौघांनी एकत्र घालवला होता, बोलायचं ते बोलून झालं होतं, काही गोष्टी लेण्यांच्या पायऱ्यांवर बसून बोलल्या गेल्या होत्या ज्या घरी कधी निघाल्या नसत्या. त्याने आम्हाला डब्यात बसवलं, पाण्याच्या बाटल्या आणून दिल्या, बर्थचे नंबर तपासले, आईच्या खांद्यावरची पिशवी स्वतःच्या खांद्याला घेतली. गाडी सुटेपर्यंत तो खिडकीशी उभा होता. मग क्लोक रूममधून बॅगा सोडवून टॅक्सीने निघाला. कल्याण गेल्यावर वहिनी म्हणाल्या, “पोचवायला आपण आलो, अन् पोचवलं त्यानं.” आवाज थोडा बसला होता, पण तक्रार नव्हती.

मला हीच रीत बरी वाटते. काचेबाहेर तासभर उभं राहण्याने मुलाच्या वाट्याला आई-बाप फार येत नाहीत, आई-बापाच्या वाट्याला तर काचच येते. त्यापेक्षा आधीचा अख्खा दिवस त्याच्याबरोबर काढावा आणि आपली गाडी धरावी. एवढ्या लांबच्या देशात जो एकटा राहणार आहे, तो मुंबईत रात्री एकटा टॅक्सीने विमानतळावर जाऊ शकतो. तेवढा विश्वास आपल्याला मुंबईतच दाखवता आला पाहिजे. म्हणून देवगिरीचं तिकीट काढतानाच जाण्यायेण्याचं दोन्ही काढावं. मधला दिवस त्यातच येतो, त्याचे रेल्वे वेगळे पैसे घेत नाही.