पिकतं तिथं विकत नाही?

दोस्तांनो, ‘पिकतं तिथं विकत नाही’ ही म्हण तुम्ही आजी-आजोबांच्या तोंडून ऐकली असेल. आपल्या गावच्या माणसाची किंमत गावाला नसते, परगावी मात्र त्याला डोक्यावर घेतात, असा तिचा अर्थ. आज ज्या खेळाडूची गोष्ट सांगणार आहे, त्याच्यासाठीच ही म्हण कुणी रचली की काय, असं वाटावं. पण घाई करू नका. गोष्ट पुरी वाचा आणि मग तुम्हीच सांगा, म्हण त्याला लागू पडते की नाही.

त्याचं नाव स्टीफन मारबरी. खेळ बास्केटबॉल.

न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिन भागात, अगदी समुद्राला लागून, कोनी आयलंड नावाची वस्ती आहे. तिथं आकाशपाळणे आहेत, खाऊची दुकानं आहेत, सुट्टीच्या दिवशी नुसती जत्रा! पण पाळण्यांच्या पलीकडे गरीब कुटुंबांसाठी सरकारनं बांधलेल्या उंच उंच इमारती आहेत. २० फेब्रुवारी १९७७ रोजी जन्मलेला स्टीफन अशाच इमारतीत वाढला. सात भावंडांत त्याचा नंबर सहावा. इमारतींच्या मधे सिमेंटचं मैदान आणि त्यात बास्केटबॉलचा खांब. आपल्या गल्लीत जसं क्रिकेट, तसं तिथं बास्केटबॉल!

त्याचे तिघे थोरले भाऊ झकास खेळायचे. खेळाच्या जोरावर ते कॉलेजच्या संघांपर्यंत पोचले, पण एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक स्पर्धेत, एकालाही जागा मिळाली नाही. आता सगळ्यांचे डोळे स्टीफनवर. डार्सी फ्रे या लेखकानं कोनी आयलंडच्या खेळाडू मुलांवर एक पुस्तक लिहिलं. ते १९९४ मध्ये आलं. त्यात हा भेटतो तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचा आहे! नववीतला मुलगा, आणि अख्ख्या घराची आशा त्याच्या खांद्यावर. कल्पना करून बघा बरं.

पोरानं ती आशा पुरी केली. १९९५ मध्ये त्याच्या लिंकन हायस्कूलनं न्यूयॉर्क शहराचं विजेतेपद मिळवलं. मग जॉर्जिया टेक या कॉलेजात तो एकच वर्ष खेळला. एनबीएतले संघ दरवर्षी एकेक करून नवे खेळाडू निवडतात. १९९६ च्या निवडीत मारबरीचा क्रमांक होता चौथा. पुढे जगभर गाजलेला कोबी ब्रायंट त्याच निवडीत तेराव्या क्रमांकावर होता! मारबरी तेव्हा १९ वर्षांचा होता.

तो खेळायचा ती जागा ‘पॉइंट गार्ड’ची. नाटकात सूत्रधार असतो ना, तसा हा. चेंडू घेऊन पुढं यायचं, कोण मोकळा आहे ते हेरायचं आणि नेमका पास द्यायचा. हवं तर स्वतः चेंडू बास्केटमध्ये टाकायचा. मारबरी दोन्हींत पटाईत. एनबीएतल्या सगळ्या सामन्यांचा हिशेब केला तर त्याची सरासरी निघते सामन्यामागं १९.३ गुण. शिवाय दरवेळी सात-आठ बास्केट त्याच्या पासवरून व्हायचे ते वेगळेच.

मग अडलं कुठं? मिनेसोटाच्या संघात केविन गार्नेटसारखा जोडीदार मिळाला होता. दोघं मिळून काय काय करतील, असं सगळे म्हणत होते. पण १९९९ मध्ये मारबरीनं हट्ट धरून तो संघ सोडला. तिथून न्यू जर्सीला, २००१ मध्ये तिथून फिनिक्सला. तो दोनदा ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेला, पण त्याचे संघ हरतच राहिले. न्यू जर्सीनं त्याच्या बदल्यात जेसन किडला घेतलं, आणि तोच संघ पहिल्याच वर्षी थेट अंतिम फेरीत! लोक कुजबुजायला लागले : हा खेळतो छान, पण स्वतःपुरता.

जानेवारी २००४ मध्ये तो न्यूयॉर्कच्या निक्स संघात आला. म्हणजे घरीच की! लहानपणी ज्या संघाची स्वप्नं पाहिली तोच संघ. त्याच वर्षी अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये त्यानं स्पेनविरुद्ध एका सामन्यात ३१ गुण केले. ऑलिंपिकच्या एका सामन्यात इतके गुण तोवर एकाही अमेरिकन पुरुष खेळाडूनं केले नव्हते. तरी अमेरिकेला ब्राँझवरच समाधान मानावं लागलं.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती मला फार आवडते. नामवंत खेळाडूंच्या नावाचे बूट शंभर-दीडशे डॉलरला विकले जात. गरीब घरातली पोरं ते बूट मागायची आणि आई-बापांचा जीव मेटाकुटीला यायचा. मारबरीनं हे स्वतः पाहिलेलं. २००६ मध्ये त्यानं आपल्या नावाचे बूट काढले आणि किंमत ठेवली १४ डॉलर ९८ सेंट! वर एनबीएच्या सामन्यांत तेच बूट घालून तो खेळलासुद्धा. हे बूट विकणारी दुकानं २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली, तो भाग वेगळा.

न्यूयॉर्कमध्ये मात्र दिवस फिरले. २००५-०६ च्या मोसमात निक्सनी ८२ पैकी ५९ सामने गमावले. प्रशिक्षक लॅरी ब्राउन आणि मारबरी यांचं भांडण रोज वर्तमानपत्रांत. प्रशिक्षक बदलले, भांडणं चालूच. खरं सांगायचं तर सगळा दोष दुसऱ्यांचा नव्हता. मारबरीची जीभही तिखट होती. प्रेक्षक त्याची हुर्यो उडवू लागले. डिसेंबर २००७ मध्ये निक्सचा सामना चालू असताना त्याच्या वडिलांच्या छातीत दुखू लागलं आणि ते गेले. मुलाला हे कळलं ते सामना संपल्यावर. पुढच्या मोसमात संघानं त्याला खेळवलंच नाही. बोस्टनच्या संघात काही महिने काढले आणि २००९ मध्ये एनबीएचं दार बंद झालं. वय ३२. त्या उन्हाळ्यात तो इंटरनेटवर तासन्‌तास स्वतःचं चित्रण दाखवत बसे, मधेच रडे. लोक बघून हसत. तो आतून किती खचलाय, हे फार थोड्यांना कळलं. आपण नैराश्यात होतो, हे त्यानं पुढे स्वतःच सांगितलं.

जानेवारी २०१० मध्ये तो चीनला गेला. बीजिंगला नव्हे हं! शान्शी प्रांतातल्या तायुआनला. कोळशाचा मुलूख, हिवाळ्यात कडाक्याची थंडी, आणि भाषेचं एक अक्षर कळत नाही. चीनमध्ये बास्केटबॉलचं वेड मोठं, त्यामुळं एनबीएतल्या खेळाडूला बघायला गर्दी व्हायची. पण चिनी संघांत येणारे बरेचसे परदेशी खेळाडू मोसमापुरते येत, पैसे घेत आणि परत जात. लोकही त्यांना पाहुण्यासारखंच वागवत. मारबरीनं सांगितलं, मी राहायला आलोय. आणि गंमत बघा, त्या संघानंही वर्षभरात त्याला नारळ दिला! तो दक्षिणेकडच्या फोशानच्या संघात गेला. तोही संघ तळाशी. अशा वेळी दुसरा कुणी विमान पकडून घरी आला असता. हा राहिला.

२०११ मध्ये बीजिंगच्या संघानं त्याला घेतलं. संघाचं नाव डक्स, म्हणजे बदकं. हसू नका, याच बदकांनी त्या मोसमाचे पहिले १३ सामने ओळीनं जिंकले! चीनची व्यावसायिक स्पर्धा १९९५ मध्ये सुरू झाली, पण बीजिंगनं ती तोवर एकदाही जिंकली नव्हती. अंतिम फेरीत समोर ग्वांगडोंग. आधीच्या आठ वर्षांत सात वेळा विजेता! ३० मार्च २०१२ रोजी पाचव्या सामन्यात बीजिंग १२४-१२१ असं जिंकलं आणि चषक ४-१ नं खिशात घातला. मारबरीचे गुण ४१. वय ३५. सामना संपला आणि हा धिप्पाड माणूस ढसाढसा रडला.

२०१४ आणि २०१५ मध्येही चषक बीजिंगचाच. स्टेडियमबाहेर मारबरीचा पुतळा उभा राहिला. त्याच्या आयुष्यावर संगीत नाटक आलं, त्यात तो स्वतःच मारबरी झाला! शहरानं मानाचं नागरिकत्व दिलं, चीन सरकारनं कायम राहण्याचा परवाना दिला. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते त्याचं टोपणनाव. चिनी सैन्यात जवानांचं मनोबल सांभाळणारा एक अधिकारी असतो. चाहते मारबरीला त्या हुद्द्यानं हाक मारू लागले. न्यूयॉर्कमध्ये ज्याला स्वार्थी म्हणत होते, तोच हा! इथं तो भुयारी रेल्वेनं चारचौघांसारखा प्रवास करायचा, तरुण चिनी खेळाडूंना चुका समजावून सांगायचा, त्यांना पास द्यायचा.

२०१७ मध्ये डक्सनी त्याला खेळाडू म्हणून पुढं ठेवलं नाही. त्यानं शहर सोडलं नाही, बीजिंगच्याच दुसऱ्या संघात गेला. ११ फेब्रुवारी २०१८ ला शेवटचा सामना खेळला, २० गुण केले आणि निवृत्त झाला. एक्केचाळिसावा वाढदिवस नऊ दिवसांवर आला होता. पुढच्याच वर्षी तो बीजिंगमध्ये एका संघाचा प्रशिक्षक झाला.

आणि न्यूयॉर्क? मार्च २०२० मध्ये कोरोनानं त्या शहरात थैमान घातलं, रुग्णालयांत मास्क मिळेनात. तेव्हा बीजिंगहून या गड्यानं चिनी कारखानदार गाठला आणि एक कोटी मास्क स्वस्तात आपल्या शहराला मिळावेत म्हणून खटपट सुरू केली.

तर काय मग, म्हण लागू पडते की नाही? घरात वाद घाला आणि उत्तर लिहून पाठवा. निवडक पत्रं या पानावर छापू.