चालते यंत्र आणि काचेतली वस्तू

जुन्या वस्तू जमवण्याचा छंद आणि जुनी यंत्रे दुरुस्त करून पुन्हा चालती करण्याचा छंद, हे दोन्ही आपण बहुधा एकाच सदरात टाकतो. वस्तुतः त्यांच्या मुळाशी दोन वेगळ्या दृष्टी आहेत. पहिल्या छंदात वस्तूचे रूप जपले जाते, दुसऱ्यात तिचे काम जपले जाते. मराठी संस्कृतिव्यवहारात पहिल्या दृष्टीला प्रतिष्ठा मिळाली; दुसरीकडे हौशी माणसांचा विक्षिप्तपणा म्हणून पाहिले गेले. श्रमाच्या साधनांपुरते तरी हे मूल्यमापन उलट व्हायला हवे, असे मला वाटते. साहित्याच्या अभ्यासकांचाही या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे.

सुरुवात एका अगदी अकाव्यात्म वस्तूपासून करू. पाश्चात्त्य देशांत जुने व्हॅक्यूम क्लीनर जमवणारे आणि दुरुस्त करणारे लोक आहेत. त्यांचे मेळावे भरतात, सुट्या भागांची देवाणघेवाण होते. प्रथमदर्शनी हसू यावे असाच हा छंद आहे. पण या यंत्राचा इतिहास पाहिला की ते हसू मावळते. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ याने धूळ ओढून घेणारे यंत्र तयार केले. ते इतके अवजड होते की घोडागाडीवरून आणून रस्त्यात उभे करावे लागे आणि खिडक्यांतून लांब नळ्या घरात सोडाव्या लागत. साहजिकच ते श्रीमंतांच्या गालिच्यांपुरते राहिले. घरात मावेल असे यंत्र घडवले ते अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या जेम्स मरे स्पँगलर या सफाई कामगाराने. गालिचे झाडताना उडणाऱ्या धुळीने त्याला दम्याचा त्रास होई. पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एवढ्या सामग्रीतून त्याने हे साधन जुळवले. १९०८ साली त्याला पेटंट मिळाले आणि ते हूवर कुटुंबाने विकत घेतले. पुढे जगभर नाव झाले ते हूवरचे.

असे जुने यंत्र दुरुस्त करणारा माणूस नेमके काय करतो? मोटरमधले झिजलेले कार्बन ब्रश बदलतो, बेअरिंगमधले वाळून घट्ट झालेले ग्रीस काढतो, तडकलेल्या रबरी नळीला पर्याय शोधतो, वायरीचे जीर्ण आवरण बदलतो. हे करताना त्याला कळते की 'यंत्र धूळ ओढते' हे आपले बोलणे फारसे अचूक नाही. पंखा आतल्या हवेचा दाब कमी करतो आणि बाहेरची अधिक दाबाची हवा आत घुसताना धूळ घेऊन येते. पिशवी भरली की हवेची वाट अडते आणि यंत्र थकल्यासारखे होते. काचेच्या कपाटाबाहेर उभे राहून यातले काहीही कळत नाही. यंत्राचे वजन, त्याचा कर्कश आवाज, ते जिन्यावरून वर नेताना मनगटावर येणारा ताण हे सारे त्याच्या अर्थाचे भाग आहेत आणि यंत्र चालू झाल्याखेरीज ते प्रकट होत नाहीत.

या अर्थाचे सामाजिक अंग आणखी महत्त्वाचे आहे. रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार स्त्रीने १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या 'मोअर वर्क फॉर मदर' या ग्रंथात असे दाखवून दिले की घरगुती यंत्रांमुळे गृहिणीचे कष्टाचे तास अपेक्षेइतके कमी झाले नाहीत. यंत्र आले तशी स्वच्छतेची अपेक्षा वाढली, आणि जी कामे पूर्वी पुरुष, मुले किंवा नोकर वाटून घेत ती एकट्या गृहिणीवर आली. जाहिरातीतली हसरी स्त्री आणि प्रत्यक्ष यंत्राचे ओझे यांतले अंतर मोजायचे असेल, तर ते यंत्र कोणीतरी चालते ठेवलेले असावे लागते.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात वस्तुसंग्रहाचे नाव घेतले की पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची आठवण होणे स्वाभाविक आहे. दिनकर गंगाधर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी आयुष्यभराचा संग्रह उभा केला आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्ये, कोरीव दारे असे वीस हजारांवर नमुने त्यात आहेत. राजेरजवाड्यांच्या शस्त्रांपलीकडे जाऊन स्वयंपाकघरातली वस्तू संग्रहाला योग्य आहे, असे एका कवीला वाटले, ही मराठी संस्कृतीच्या इतिहासातली मोठी घटना होय. परंतु ही निवड कवीची होती. तिला कलाकुसर दिसली, घडणीतली कल्पकता दिसली. दिवा तेथे आहे, पण त्याची वात वळणारे आणि काजळी पुसणारे हात तेथे नाहीत. हा दोष केळकरांचा नव्हे. तो प्रदर्शन या प्रकाराचाच स्वभाव आहे.

दुसऱ्या दृष्टीचे उदाहरणही पुण्यातच सापडते. विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकली जमवल्या, दुरुस्त केल्या आणि २०१७ साली कर्वेनगर भागात त्यांचे संग्रहालय सुरू केले. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात ही गोष्ट घडावी, हे उचितच आहे. सायकल ही बहुतांशी कामगार, विद्यार्थी, दूधवाले यांची वस्तू. तिच्या सौंदर्याला तिच्या चालण्यापासून वेगळे काढताच येत नाही. फिरणाऱ्या चाकाखेरीज सायकल म्हणजे लोखंडाचा सांगाडा. म्हणून तिच्या संग्राहकाला कारागीर व्हावेच लागते.

पुण्यामुंबईपुरतीच ही चर्चा ठेवली तर तिचा खरा कस लागणार नाही. त्यासाठी हिंगोली जिल्ह्यातील, सेनगाव तालुक्यातले साखरा हे गाव डोळ्यांसमोर ठेवू. भारतात व्हॅक्यूम क्लीनर घरोघरी फिरून विकण्याची सुरुवात प्रामुख्याने १९८२ साली स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्ज या कंपनीने केली. टाय बांधलेला तो विक्रेता शहरातल्या फरशीच्या, सोफ्याच्या, गालिच्याच्या घरांत शिरला. शेणाने सारवलेल्या भुईच्या घरात मात्र त्याच्या यंत्राला कामच नव्हते. तेथे धूळ आणि जमीन एकाच मातीची. यंत्राने धुळीबरोबर सारवणही उचलले असते. प्रत्येक साधनाच्या पोटात एक विशिष्ट घर गृहीत धरलेले असते. व्हॅक्यूम क्लीनरच्या पोटात वीज, गालिचा आणि बंद दारे आहेत. केरसुणीच्या पोटात अंगण, सारवण आणि पहाट आहे.

झाडणे हे काम या प्रदेशाच्या वाङ्मयाला परके नाही. ज्या परभणी जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा झाला, त्यातले गंगाखेड ही जनाबाईची भूमी. हिंगोलीजवळचे नरसी हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. जनाबाईच्या अभंगपरंपरेत विठ्ठल तिच्यासोबत दळतो, कांडतो, तिने काढलेला केरही उचलतो. भक्तिसाहित्याचे विवेचन करताना आपण त्यातला भाव सांगतो, सख्यभक्तीचे प्रकार सांगतो. जाते किती जड असते आणि किती दळणाला किती घटका लागतात, हे सांगत नाही. ते ठाऊक नसेल तर देवाने दळणाला हात लावण्यातली कृपा आपल्याला अर्धीच कळते. पुढे विसाव्या शतकात गाडगेमहाराजांनी खराटा हाती घेतला आणि ज्या साधनाला समाजाने जातीच्या उतरंडीत खाली बसवले होते, तेच कीर्तनाची प्रस्तावना केले. आपल्या चालीरीतींतली विसंगती पाहा. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीवर हळदकुंकू वाहतो; ती बांधणाऱ्या मातंग कारागिराला मात्र शतकानुशतके वेशीबाहेर ठेवले.

दुरुस्ती ही परदेशातून आलेली हौस आहे, हा समजही सोडून द्यावा लागेल. आपल्या गावगाड्यात टिकवणे आणि दुरुस्त करणे हे व्यवसायच होते. दळून दळून जात्याच्या तळ्या गुळगुळीत झाल्या की पीठ जाडेभरडे पडे. मग टाकीवाल्याला बोलावून दगडाला पुन्हा टाके घालून घेत. तांब्यापितळेची भांडी कळकू नयेत म्हणून कल्हईवाला भाता फुंके, भांडे तापवून त्यावर नवसागर टाके आणि कथील कापसाच्या बोळ्याने झरझर पसरवी. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुत्या-अलुत्यांच्या या जगाची नोंद आहे, त्यातल्या शोषणासकट. कार्बन ब्रश बदलणारा आजचा हौशी दुरुस्तीकार हा पुराणवस्तूंच्या व्यापाऱ्यापेक्षा या कल्हईवाल्याच्या कुळातला अधिक आहे.

'काम जपणे' म्हणजे काय, याचे सर्वांत मोठे मराठी उदाहरण मात्र वस्तूंच्या संग्रहात सापडत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह खेडोपाडी जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह आज महाजालावर उपलब्ध होत आहे. त्यांनी दगड जमवले नाहीत. दगड फिरवताना सुचलेले, गाइलेले, सोसलेले जमवले. पिठाची गिरणी आल्यावर जाते थांबले आणि त्याबरोबर गाण्याचे निमित्तही थांबले. ओवीची लय हाताच्या फेऱ्याशी बांधलेली होती, हे आपण वर्गात सांगतो. ते प्रत्यक्ष दाखवायचे असेल तर मात्र फिरणारे जाते लागेल, आणि जाते फिरण्यासाठी त्याला टाके घालू शकणारा माणूस लागेल.

येथेच मराठी ललित गद्यावरचा माझा आक्षेप नोंदवतो. जाते, पाटा-वरवंटा, चूल, कंदील, स्टो यांच्या आठवणींचे आपल्याकडे एक भरघोस पीक आले आहे. त्यातले पुष्कळसे लेखन म्हणजे स्मरणरंजन. त्यात जात्याची घरघर असते आणि आजीचा मायाळू आवाज असतो. आजीच्या तळहाताचे घट्टे क्वचित असतात. ज्यांनी कधी दळले नाही त्यांनाच जात्याचा सर्वाधिक कळवळा येतो. मराठवाड्यातल्या ज्या स्त्रियांनी पहाटे उठून पायलीपायलीने ज्वारी दळली, त्यांना गिरणी आल्याचा आनंदच झाला असणार. बंद पडलेली वस्तू कोणत्याही भावनेला निमूटपणे सोबत करते. चालती वस्तू तसे करू देत नाही. अर्धा तास जाते ओढून पाहिलेल्या विद्यार्थ्याच्या लेखणीतून हळवे वाक्य सहजी उतरणार नाही.

या भूमिकेवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो संग्रहालयशास्त्राच्या अभ्यासकांचा आहे. वस्तू चालवली की ती झिजते. भाग बदलला की मूळचा पुरावा जातो. नवा रंग दिला की जुन्या हातांच्या खुणा पुसल्या जातात. सगळे भाग बदललेले यंत्र तेच यंत्र राहते का, हा तत्त्वज्ञानातला जुनाच प्रश्न आहे. साहित्याच्या लोकांना हा पेच परिचित असावा, कारण पाठसंशोधनात आपण रोज तोच सोडवतो. हस्तलिखितातला अशुद्ध शब्द सुधारायचा की नाही? चांगला संपादक पाठ वाचनीय करतो आणि मूळ पाठभेद तळटीपेत जपतो. चांगल्या दुरुस्तीकारानेही हेच करावे. काढलेला भाग फेकू नये, काय बदलले ते लिहून ठेवावे, झीज पुसून नव्याचा आभास निर्माण करू नये. एखादी वस्तू एकमेव असेल तर ती न चालवता जपावी हेच योग्य. पण जाते, शिवणयंत्र, स्टो, व्हॅक्यूम क्लीनर या हजारोंनी घडलेल्या वस्तू आहेत. त्यांतली काही न उघडता ठेवावीत आणि काही उघडून चालती करावीत, यात विरोध नाही.

केरसुणीसारख्या वस्तूला तर दुरुस्ती लागूच पडत नाही. ती झिजण्यासाठीच जन्मते. तिचे जतन म्हणजे ती बांधण्याच्या ज्ञानाचे जतन: शिंदीची पाने केव्हा तोडायची, कशी वाळवायची, गाठ कशी मारायची. हे ज्ञान ज्या समाजाकडे आहे त्याला सन्मान आणि मोबदला दिल्यावाचून ते मागण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही.

साखऱ्यासारख्या गावात जुनी घरे उतरवली जात असताना जाते अंगणाच्या कडेला जाते, कंदील भंगारात जातो. शहरात माळ्यावरचा पहिल्या पिढीतला व्हॅक्यूम क्लीनरही त्याच भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर चढतो. वस्तूबरोबर शब्दही निघून जातात. फडा, खराटा, कुंचा आणि केरसुणी यांतला भेद ठाऊक नसलेला विद्यार्थी कोशात चारही शब्दांपुढे 'झाडण्याचे साधन' एवढेच वाचतो. मराठीच्या विभागांना यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावातली एक श्रमाची वस्तू निवडावी, ती दुरुस्त करू शकणारा माणूस शोधावा, त्याच्या हाताखाली ती चालती करावी. तिच्या प्रत्येक भागाचे स्थानिक नाव, ती वापरणाऱ्या बाईचे कथन आणि दुरुस्तीचा तपशील लिहून काढावा. लोकसाहित्याच्या प्रकल्पवहीत ओवीशेजारी जात्याच्या खुंट्याचे माप आणि टाकीवाल्याची मजुरीही नोंदवलेली असावी.