शक्ती आली, माणूस गेला

एखाद्या कारकुनाला उद्या सकाळी नुसत्या नजरेने घड्याळाचा काटा थांबवता येऊ लागला, तर तो पहिल्याने काय करील? जग वाचवायला निघेल, असे म्हणणाऱ्या लेखकाला कारकून ठाऊक नाही. तो आधी शेजारच्या मेजावरच्या मित्राला सांगेल. आणि मित्र त्याला वेड्यात काढील. 'हीरोज' या अमेरिकन मालिकेचा कर्ता टिम क्रिंग याला हे पक्के ठाऊक होते. २५ सप्टेंबर २००६ रोजी एनबीसी वाहिनीवर मालिका सुरू झाली, तेव्हा टोकियोतल्या एका कचेरीत हिरो नाकामुरा नावाच्या गोल चेहऱ्याच्या, चष्मेवाल्या तरुणाने सेकंदकाटा एक घर मागे ढकलला, आनंदाने आरोळी ठोकली, आणि त्याच्या आन्दो नावाच्या मित्राने त्यावर काडीचाही विश्वास ठेवला नाही.

या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या चिरंजिवांनी मालिकेची चारही पर्वे घरात लावली. मी वर्गात स्वभावरेखन शिकवतो. तेव्हा पहिले पर्व पाहताना मला एखाद्या चांगल्या कादंबरीचा आनंद झाला, हे सांगायला मुळीच संकोच वाटत नाही. त्यातली प्रत्येक शक्ती त्या त्या माणसाच्या स्वभावातून उगवलेली आहे. पीटर हा मरणोन्मुख रुग्णांची सेवा करणारा परिचारक. दुसऱ्याचे दुःख आपलेसे करणाऱ्या या माणसाला दुसऱ्याची शक्तीही आपलीशी करता येते. मॅट पार्कमन या पोलिसाला कागदावरची अक्षरे नीट वाचता येत नाहीत. त्याला लोकांची मने वाचता येतात! आणि खलपुरुष सायलर हा घड्याळे दुरुस्त करणारा. कोणतीही वस्तू कशी चालते हे त्याला पाहताक्षणी कळते. मग तो माणसांच्या डोक्यातली यंत्रेही उघडून पाहू लागतो. भीती वाटते ती त्याच्या शक्तीची नव्हे, त्याच्या जिज्ञासेची.

मग बिघडले कोठे?

पहिल्या पर्वाच्या अखेरीस, मे २००७ मध्ये, पीटरच्या देहाचा स्फोट होऊन न्यूयॉर्क शहर बेचिराख होण्याची वेळ येते. त्याचा थोरला भाऊ नेथन त्याला उचलून आकाशात झेपावतो. सारा जन्म स्वार्थ पाहिलेल्या माणसाचा हा त्याग! डोळे पुसावेत, तर दुसऱ्या पर्वात दोघेही जिवंत. मग पीटरची स्मृती जाते आणि तो आयर्लंडमध्ये भटकतो. हिरो सतराव्या शतकातल्या जपानात जाऊन रेंगाळतो. हे पर्व फार रेंगाळले, अशी कबुली क्रिंगने त्याच वर्षी जाहीरपणे दिली. ५ नोव्हेंबर २००७ रोजी अमेरिकेतल्या पटकथालेखकांचा संप सुरू झाला आणि ते पर्व ११ भागांत आटोपले. परंतु संपाने भाग कमी होतात. माणसे खोटी होत नाहीत.

ती खोटी झाली तिसऱ्या पर्वात. सायलरला कोणी सांगते, 'तू आमचाच मुलगा'. लगेच तो सुधारतो. पुढे कळते की ते खोटे होते. लगेच तो बिघडतो. निकी नावाची स्त्री मरते आणि तिच्याच चेहऱ्याची बहीण दाखल होते. हिरोचे मन दहा वर्षांच्या पोराचे होते. वर्गात एका विद्यार्थिनीने मला विचारले, "पण सर, माणसे बदलतातच ना?" बदलतात, बाई, पण आपल्या कर्माच्या ओझ्याने बदलतात. ओझे उतरवून ठेवून नवा सदरा घालणे, याला बदल म्हणत नाहीत.

शक्तीला मर्यादा हवी, हे आपल्या व्यासांना चांगले कळत होते. कवचकुंडले देऊन कर्णाने इंद्राकडून शक्ती घेतली. ती एकदाच वापरता येणारी. अर्जुनासाठी जपलेली ती शक्ती घटोत्कचावर खर्ची पडली, आणि कर्णाचे मरण तेथेच ठरले. इंद्राने तिला दुसरी जोड दिली असती, तर कर्ण आपल्या लक्षात राहिला असता काय? १९१९ साली 'एकच प्याला' रंगभूमीवर आले. गडकऱ्यांनी सिंधूला मरू दिले. प्रेक्षक रडतात म्हणून तिची जुळी बहीण त्यांनी आणली नाही.

'हीरोज'लाही हे एकदा साधले होते. हिरोचा जीव चार्ली या टेक्सासमधल्या उपाहारगृहातल्या मुलीवर जडतो. सायलर तिला मारतो. हिरो काळात मागे जातो, तिच्याबरोबर महिने काढतो, तरी तिला वाचवू शकत नाही. काळ ज्याच्या मुठीत, त्यालाही काही गोष्टी सुटून जातात. तेथे तो विदूषक मोठा माणूस झाला. चौथ्या पर्वात लेखकांनी त्याला पुन्हा मागे पाठवले आणि चार्लीला वाचवले. पुढे ती त्याला म्हातारी होऊन भेटते, तो प्रसंग हृद्य आहे. पण पहिल्या दुःखाची किंमत गेली ती गेलीच. ८ फेब्रुवारी २०१० रोजी शेवटचा भाग झाला, तेव्हा प्रेक्षक पहिल्या भागाच्या निम्मेही उरले नव्हते.

गंमत अशी, की दर पर्वात नवी माणसे आणावीत, असा क्रिंगचा मूळ विचार होता. प्रेक्षकांचा लोभ इतका जडला, की जुन्यांना निरोप देणे अवघड झाले. लोभानेच त्यांचा घात केला.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, असे समजू नका. माझा एक जुना विद्यार्थी मुंबईत रोजच्या मालिकांचे संवाद लिहितो. कवी होण्याची उमेद असलेला मुलगा. गणपतीत घरी आला होता. मी म्हटले, "काय रे, तुझी ती नायिका दरीत पडली होती ना?" तो हसला नाही. म्हणाला, "सर, आमच्या पात्रांना स्वभाव नसतो, करार असतो. ती मेली तेव्हा तो प्रसंग मी रात्रभर जागून लिहिला होता. तीन आठवड्यांनी तिला परत आणायचे फर्मान आले. आता कोणाला मारायचे झाले, की मी जेवायच्या सुट्टीत लिहून टाकतो."

वाचकहो, नायिका परत आली, पण तो रात्रभर जागणारा मुलगा गेला, याची मला चिंता वाटते. आपल्या घरात रोज रात्री मुले आपल्याशेजारी बसून हे पाहतात. घडलेले पुसता येते, बोललेले फिरवता येते, असे शिकतात. पुढच्या वेळी आवडते पात्र मेले, तर 'तिला परत आणा' म्हणून वाहिनीला पत्र धाडू नका. दोन अश्रू ढाळा, मुलांनाही ढाळू द्या, आणि तिला जाऊ द्या. कोणीतरी रात्र जागून तिला निरोप दिलेला असतो.