क्रिएटिनिन 'नॉर्मल', तरीही किडनी धोक्यात? आयसीयूत असं का होतं?

२०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, नाशिकसह राज्यभरातल्या रुग्णालयांत म्युकरमायकोसिसचे रुग्ण दाखल होत होते. अँफोटेरिसिन-बी इंजेक्शनसाठी नातेवाईकांची धावाधाव सुरू होती. बुरशीवरच्या या औषधाने, विशेषतः त्याच्या जुन्या प्रकाराने, किडनीला इजा होऊ शकते. त्यामुळे उपचारादरम्यान रक्तातलं क्रिएटिनिन वारंवार तपासावं लागतं.

पण गंभीर रुग्णाची किडनी किती काम करतेय, हे या एकाच आकड्यावरून कळतं का?

आकडा मागे का राहतो?

क्रिएटिनिन हा स्नायूंमध्ये तयार होणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी मंदावली की तो रक्तात साठतो, पण साठायला वेळ लागतो.

समजा, रात्रीत किडनीचं काम जवळपास थांबलं. सकाळी क्रिएटिनिन ०.८ वरून फक्त १.२ झालेलं असू शकतं. अनेक लॅबच्या रिपोर्टवर हा आकडा 'नॉर्मल'मध्येच बसतो. ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, याच आकड्यावरून काढतात. त्याचं सूत्र क्रिएटिनिन स्थिर आहे असं गृहीत धरतं. आयसीयूत ते अनेकदा स्थिर नसतं.

शिवाय आजारपणात स्नायू झिजतात आणि सलाइनमुळे रक्त पातळ होतं. त्यामुळे आकडा आणखी कमी दिसतो.

मग डॉक्टर काय पाहतात?

२०१२ च्या 'केडिगो' या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार, ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढणं हीसुद्धा किडनीला अचानक इजा झाल्याची खूण आहे. म्हणजे वरच्या उदाहरणातला 'नॉर्मल' रिपोर्ट प्रत्यक्षात धोक्याचा इशारा आहे.

दुसरी खूण लघवीची. ६० किलोच्या रुग्णाला सलग ६ तास, तासाला ३० मिलीपेक्षा कमी लघवी होणं चिंतेचं असतं. कॅथेटरच्या पिशवीतली लघवी दर तासाला मोजतात ती यासाठीच. गरज पडली तर काही तासांची लघवी गोळा करून त्यातलं क्रिएटिनिनही मोजतात.

अंदाज चुकला तर?

अनेक अँटिबायोटिक्सचा डोस किडनीच्या कामावर ठरतो. किडनी मंदावल्याचं लक्षात आलं नाही, तर औषध शरीरात साठतं. उलट, काही गंभीर रुग्णांची, विशेषतः तरुणांची, किडनी नेहमीपेक्षा वेगाने काम करते. तेव्हा नेहमीचा डोसही अपुरा पडतो आणि संसर्ग आटोक्यात येत नाही.

त्यामुळे फॅमिली ग्रुपवर रिपोर्ट आला, तर डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा: आधीचं क्रिएटिनिन किती होतं? आणि आज लघवी किती झाली?