विश्लेषण : आफ्रिकेतील पहिली अणुभट्टी विद्यापीठात कशी आली? तिचे इंधन माफियांकडे कसे पोहोचले?

इटलीच्या पोलिसांनी १९९८ मध्ये माफिया टोळीकडून अणुइंधनाची एक कांडी जप्त केली. टोळी ती विकायला निघाली होती. कांडीचा माग निघाला तो थेट काँगोची राजधानी किन्शासा येथील विद्यापीठाच्या आवारात. तिथल्या अणुसंशोधन केंद्रातून दोन कांड्या चोरीला गेल्या होत्या. दुसरी आजवर सापडलेली नाही.

विद्यापीठात अणुभट्टी का?

काँगो तेव्हा बेल्जियमची वसाहत होता. तेथील शिंकोलोब्वे खाणीतले युरेनियम अमेरिकेच्या मॅनहॅटन प्रकल्पाला मिळाले. पहिले अणुबॉम्ब बनवण्यात त्याचा मोठा वाटा होता. १९५४ मध्ये राजधानीजवळ लोव्हानियम विद्यापीठ सुरू झाले. त्याचे प्रमुख लुक गिलॉन हे कॅथलिक धर्मगुरू आणि अणुभौतिकशास्त्रज्ञही! त्यांच्या पाठपुराव्यातून आणि अमेरिकेच्या ‘अ‍ॅटम्स फॉर पीस’ कार्यक्रमातून जून १९५९ मध्ये ‘ट्रायको-१’ कार्यान्वित झाली. मुंबईत तुर्भ्याला ‘अप्सरा’ सुरू झाली, त्यानंतर तीनच वर्षांनी. पुढच्याच वर्षी काँगो स्वतंत्र झाला.

तिथे वीज तयार होत होती का?

नाही. ‘ट्रायको-१’ची क्षमता ५० किलोवॉट आणि १९७२ मध्ये आलेल्या ‘ट्रायको-२’ची एक मेगावॉट, तीही उष्णतेच्या स्वरूपात. या भट्ट्यांचा उपयोग न्यूट्रॉनसाठी : किरणोत्सारी समस्थानिके बनवणे, माती-खनिजांचे पृथक्करण, विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण.

या ‘ट्रायगा’ प्रकारच्या भट्टीचे वैशिष्ट्य म्हणजे तिच्या इंधनातच युरेनियमसोबत झिरकोनियम हायड्राइड असते. इंधन तापले की अणुविखंडनाचा वेग आपोआप मंदावतो. म्हणजे चालकाने चूक केली तरी भट्टी स्वतःला आवरते. म्हणूनच ती विद्यापीठांना देण्याइतकी सुरक्षित मानली गेली.

मग बिघडले कुठे?

भट्टी सुरक्षित होती, कुंपण नव्हते. हुकूमशहा मोबुटू यांनी १९७१ मध्ये विद्यापीठाचे राष्ट्रीयीकरण केले. पुढे अर्थव्यवस्था कोसळली, युद्धे झाली आणि केंद्राकडे सुट्या भागांनाही पैसा उरला नाही. २००४ मध्ये ‘ट्रायको-२’ बंद झाली.

अमेरिकी दूतावासाचा २००६ मधील अहवाल नंतर ‘विकिलीक्स’मुळे उघड झाला. त्यानुसार कुंपणाला भगदाडे पडली होती, दिवे आणि कॅमेरे नव्हते. विद्यार्थी ‘शॉर्टकट’ म्हणून केंद्राच्या आवारातून ये-जा करत आणि अणुकचऱ्याच्या कोठाराशेजारी लोक कसावा पिकवत. मार्च २००७ मध्ये युरेनियम गायब झाल्याच्या संशयावरून केंद्राच्या प्रमुखांनाच अटक झाली; काही दिवसांत त्यांची सुटकाही झाली.

हरवलेल्या कांडीपासून बॉम्ब बनू शकतो?

एका कांडीपासून नाही. त्यातील युरेनियम २० टक्क्यांपेक्षा कमी समृद्ध आहे आणि त्याचे प्रमाणही अगदी थोडे. खरी भीती वेगळी आहे. भट्टीत वापरलेली कांडी तीव्र किरणोत्सारी असू शकते. ती अजाण माणसाच्या हाती पडली, कुणी भंगार समजून फोडली, तर आसपासच्यांच्या जिवावर बेतू शकते.